ॲबलोनी: समुद्रात मोडलेला शेजार

ॲबलोनी ही समुद्रातली गोगलगाय. कानाच्या आकाराचा पसरट शंख, त्याखाली जाड मांसल पाय. खडकाला चिकटून राहायचं आणि केल्प नावाचं समुद्री शैवाल खायचं, एवढाच तिचा दिनक्रम. तिच्या पायाचं मांस मात्र फार महाग विकलं जातं.

कॅलिफोर्नियातल्या पांढऱ्या ॲबलोनीचं मांस सर्वांत कोवळं. १९७०च्या दशकात बुडी मारणाऱ्यांनी ती भरमसाट काढली. १९९६ मध्ये बंदी आली, तरी तिची संख्या वाढली नाही. २००१ मध्ये तिला अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत घालावं लागलं.

बंदी असूनही असं का व्हावं? या प्राण्यात नर-मादीचं मीलन होत नाही. दोघंही आपापल्या जागेवरून शुक्राणू आणि अंडी पाण्यात सोडतात. मादी लाखो अंडी सोडते, पण नर मीटर-दोन मीटरच्या आत नसेल तर शुक्राणू पाण्यात विरून जातात. समुद्रात हजारो ॲबलोनी उरल्या आणि त्या विखुरलेल्या असल्या, तर पुढची पिढी जवळपास नाहीच. म्हणून नुसत्या शिरगणतीवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

टाकीत ॲबलोनी पाळताना ही अडचण येत नाही. १९७७ मध्ये संशोधक डॅनियल मॉर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की पाण्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळलं की काही तासांत नर-मादी अंडी-शुक्राणू सोडतात. अळ्या आठवडाभर पोहतात आणि मग सूक्ष्म शैवाल चढलेल्या पत्र्यांवर बसतात. तिथून विक्रीपर्यंत तीन-चार वर्षं केल्प खाऊ घालावं लागतं.

उत्तर कॅलिफोर्नियात लाल ॲबलोनी हौशी लोक काढत. नियम कडक होते: श्वास रोखूनच बुडी मारायची, सात इंचांहून लहान घ्यायची नाही. एवढं वाढायला तिला साधारण बारा वर्षं लागतात. शिवाय तिचं रक्त गोठत नाही. खडकावरून काढताना पहारीने कापली गेलेली लहान ॲबलोनी परत ठेवली तरी बहुधा मरते. मग २०१३ पासून रोगाने तारामासे मेले, पाठोपाठ समुद्र तापला, तारामाशांचं भक्ष्य असलेले आणि केल्प खाणारे जांभळे सी-अर्चिन (काटेरी गोळ्यासारखे समुद्री प्राणी) बेसुमार वाढले आणि केल्पची जंगलं नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. ॲबलोनी उपाशी मेल्या. २०१८ मध्ये तीही मासेमारी थांबली.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या बोडेगाच्या सागरी प्रयोगशाळेने टाकीतलं तंत्र आता पांढऱ्या ॲबलोनीसाठी वापरलंय. २०१९ पासून तिथे वाढवलेली पिल्लं दक्षिण कॅलिफोर्नियाच्या समुद्रात एकेका जागी मोठ्या संख्येने सोडली जात आहेत. ऑक्टोपस आणि खेकडे त्यातली बरीच खातात. उरलेल्या एकमेकींजवळ वाढाव्यात यासाठी ही धडपड चालू आहे.