मिठी नदीचा गाळउपसा : निधी आणि समन्वय

मुंबई उपनगरातून वाहणाऱ्या मिठी नदीच्या पात्रात साठणारा गाळ दरवर्षी, मुख्यतः पावसाळ्याआधी, काढण्याची व्यवस्था. गाळ उपसणे, वाहून नेणे आणि शहराबाहेर टाकणे ही प्रत्यक्ष कामे, त्यांचा खर्च आणि त्यांत गुंतलेल्या यंत्रणांमधील कामाची वाटणी या सर्वांचा तीत समावेश होतो. रुंदीकरण, खोलीकरण, संरक्षक भिंती ही भांडवली कामे असल्याने येथे त्यांचा विचार संदर्भापुरता केला आहे.

विहार व पवई या तलावांच्या सांडव्यांचे पाणी एकत्र येऊन मिठी बनते आणि साकीनाका, कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी असा प्रवास करून माहीमच्या खाडीला मिळते. लांबी 17.84 किमी. व पाणलोट क्षेत्र सुमारे 7,295 हेक्टर मानले जाते. उगमाची उंची मात्र वादाची आहे. अनेक अहवालांत नदी समुद्रसपाटीपासून 246 मी. उंचीवर उगम पावते असे छापलेले आढळते. विहार तलाव भरून वाहू लागतो तो 80.12 मीटरला. हे अंतर मोजणीच्या आधारपातळीतील फरकाने भरून निघण्यासारखे नाही. 246 मी. ही उंची तलावामागच्या टेकड्यांची असावी व ती एका अहवालातून दुसऱ्यात उतरली असावी, हे अधिक संभवते. गाळाच्या दृष्टीने हा वाद महत्त्वाचा आहे, कारण उगम टेकडीवर धरला की डोंगरउतारावरची माती हेच गाळाचे मूळ वाटू लागते. प्रत्यक्षात विहार (बांधकाम 1856 पासून, पूर्णता बहुधा 1860) आणि पवई (1890 च्या सुमारास) हे तलाव वरच्या मातीचा बराचसा भाग स्वतःच्या तळाशी अडवून धरतात. तुळशी तलावाचा सांडवाही विहारमध्येच येतो.

मग गाळ येतो कोठून? एका मतानुसार तो तलावांच्या खालच्या वस्तीतून येतो : बांधकामाचा राडारोडा, कारखान्यांचे सांडपाणी, नाल्यांतून येणारा घनकचरा, मलजल. दुसऱ्या मतानुसार खालच्या टप्प्यातील बारीक चिखल भरतीबरोबर माहीमच्या उपसागरातून आत येतो. खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि भरती-ओहोटीमधल्या स्थिर वेळेत तळाशी बसतात. वरच्या टप्प्यासाठी पहिले मत पुरेसे आहे. कुर्ल्याच्या खाली दुसऱ्याला अधिक वजन द्यावे लागते. 1845 चा माहीमचा बंधारारस्ता (कॉजवे), त्यानंतरचे भराव आणि 1977 नंतर वांद्रे-कुर्ला संकुलासाठी भरली गेलेली खाडीकाठची जमीन यांमुळे भरतीच्या पाण्याला पसरायला जागा उरली नाही. त्यामुळे ओहोटीचा जोर घटला आणि नदीची स्वतःचा तळ धुऊन काढण्याची शक्तीही घटली. वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या भरावाचा यात किती वाटा आहे, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिमी. पाऊस झाला. त्या दुपारी 4.48 मीटरची भरती होती आणि मिठीला महापूर आला. मिठीकडे नदी म्हणून स्वतंत्रपणे पाहणे हे मुख्यतः त्यानंतरचे. त्याआधी तिची गणना नालेसफाईतच होई. ऑगस्ट 2005 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील, या पुराबाबतच्या सत्यशोधन समितीचा अहवाल 2006 मध्ये आला. कामाची वाटणी मात्र प्राधिकरणाच्या नावाने एकसंध झाली नाही. वरचा 11.84 किमी.चा टप्पा मुंबई महानगरपालिकेकडे आणि कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरील पुलापासून माहीमपर्यंतचा 6 किमी.चा टप्पा मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) देण्यात आला. पुलापासून माहीमकडे जाणाऱ्या खालच्या टप्प्यात तळ उंच राहिला तर वरचा टप्पा कितीही साफ केला तरी पाणी मागे फुगते. म्हणून या व्यवस्थेत दोन्ही टप्प्यांच्या कामाचे वेळापत्रक जुळणे, हा एकूण उपशाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा ठरतो.

निधीचा प्रश्न मालकीपासून सुरू होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 प्रमाणे नद्यांचे व नाल्यांचे तळ राज्य शासनाच्या मालकीचे आहेत. दुसरीकडे 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 61 मध्ये जलनिःसारणाची बांधणी, देखभाल व सफाई हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. तळ राज्याचा आणि गाळ शहराचा, अशी ही स्थिती आहे. भांडवली कामांसाठी वरून पैसा मिळू शकतो : शहराच्या पर्जन्य जलवाहिन्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाला 2007 मध्ये केंद्राने 1,200 कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले. एमएमआरडीएकडे वांद्रे-कुर्ला संकुलातील भूखंडांचे उत्पन्न होते. दरवर्षीच्या उपशाला असा आधार नाही. महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या विभागाला तो खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकातूनच भागवावा लागतो. मिठी प्राधिकरणाला स्वतःचा कर बसवण्याचा अधिकार नाही. पात्रात राडारोडा टाकणाऱ्याकडून वसूल झालेला दंडही उपशाच्या खर्चाच्या जवळपास पोचत नाही. रुंद केलेले पात्र दरवर्षी राखले नाही तर ते पुन्हा भरते, आणि रुंदीकरणावर खर्च झालेले सार्वजनिक पैसे चिखलात जातात. देखभालीला कायमचा, वेगळा राखलेला निधी हवा ही मागणी या दृष्टीने रास्त आहे.

काम निविदा काढून कंत्राटदारांना दिले जाते. मंजुरी स्थायी समितीची लागते. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतर, 2026 मध्ये नवे सभागृह येईपर्यंत, ती प्रशासकांकडे होती. अलीकडे वर्षभराच्या उद्दिष्टापैकी 80 टक्के गाळ पावसाळ्यापूर्वी, 10 टक्के पावसाळ्यात व 10 टक्के नंतर काढायचा असतो. साधारण मार्चमध्ये पोकलेन (खोदाई यंत्रे) पात्रात उतरतात आणि 31 मे ही मुदत धरली जाते. काठ भिंतींनी बंद झाल्यामुळे यंत्र उतरवायला मोजक्याच ठिकाणी उतार मिळतो. भरतीच्या टप्प्यात तरत्या तराफ्यावरचे यंत्र लागते व ओहोटीच्या तासांनुसार पाळ्या आखाव्या लागतात.

मोजणी हा या व्यवस्थेचा सर्वांत नाजूक भाग. देयक मेट्रिक टनावर निघते. पोकलेनच्या बादलीतून वर येणाऱ्या काळ्या लगद्यात प्लास्टिकच्या पिशव्या, कापडाच्या चिंध्या, थर्माकोल, टायर आणि विटांचे तुकडे असतात. तो काठावर निथळू दिला जातो, मग डंपर भरतो आणि वजनकाट्यावर जातो. पावतीवर गाडीचा क्रमांक, भरलेले वजन, रिकामे वजन व निव्वळ वजन छापले जाते. निव्वळ वजनात पाणी किती, हे मात्र पावती सांगत नाही. ओल्या गाळाची घनता घनमीटरला 1.4 टन आणि घन कणांची 2.65 मानली, तर एका घनमीटरात माती सुमारे 0.64 टन आणि पाणी सुमारे 0.76 टन निघते. म्हणजे न निथळलेल्या गाळाच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणीच असते. उलट चांगला निथळलेला गाळ देणाऱ्याला तेवढ्याच मातीचे कमी पैसे मिळतात. दुसरी पद्धत पात्राच्या आडव्या छेदांची : काम सुरू होण्याआधी व संपल्यावर ठरावीक अंतरावर तळाची पातळी घेऊन काढलेल्या गाळाचे घनफळ ठरवायचे. भरतीच्या टप्प्यात दोन मोजण्यांच्या मधल्या काळात नवा गाळ बसतो, हा तिच्यावरचा आक्षेप खरा आहे, तरी पूर टाळण्यासाठी हवी असते ती तळाची पातळी, आणि ती हीच पद्धत दाखवते. वजनकाटा ताळा म्हणून ठेवून छेदांवर देयक काढणे अधिक सयुक्तिक दिसते.

देवनारच्या कचराभूमीवर जागा उरली नाही तेव्हापासून गाळ टाकण्याची जागा कंत्राटदारानेच शहराच्या हद्दीबाहेर शोधायची आहे. त्यासाठी जमीनमालकाची संमती लागते. मे 2025 मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने नोंदवलेल्या गुन्ह्यात अशा संमतिपत्रांच्या खरेपणावरच प्रश्न उपस्थित झाला. यंत्रांच्या भाड्याबाबतही आरोप असून महापालिकेचे सुमारे 65 कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे त्यात म्हटले आहे. पुढे सक्तवसुली संचालनालयानेही तपास हाती घेतला. त्याच वर्षी महापालिकेने उपशाच्या चित्रफिती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तपासण्यास सुरुवात केली.

इतर यंत्रणांशीही समन्वय लागतो. विमानतळाच्या धावपट्टीखालून नदी काटकोनी वळणे घेत जाते, आणि त्या भागात प्रवेशासाठी विमानतळाची परवानगी लागते. रेल्वेपुलांखालची सफाई रेल्वेशी ठरवावी लागते. तिवरांच्या पट्ट्यात वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि किनारा नियमन क्षेत्राचे नियम आड येतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2018 च्या निकालानंतर सार्वजनिक कामासाठीही तिवरे तोडायची तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. मिठीला मिळणाऱ्या बापट नाला व सफेद पूल नाल्याचे मलजल 6.70 किमी. लांबीच्या बोगद्यातून धारावीच्या प्रक्रिया केंद्राकडे वळवण्याची योजना याच्याशी जोडलेली आहे. तिने कोरड्या दिवसांतील मलाचा गाळ घटू शकतो. भरतीच्या चिखलावर तिचा परिणाम होणार नाही.

उपनगरांतील दहिसर, पोईसर व ओशिवरा या इतर नद्यांचा गाळ महापालिकाच काढते. त्यांच्यासाठी मिठीसारखे वेगळे प्राधिकरण नाही.