ईश्वर तर्काने सिद्ध होतो का? एका वादाची पार्श्वभूमी

ईश्वराच्या अस्तित्वावर वाद घालणारे दोन्ही पक्ष बहुधा एक पायरी गाळतात: सिद्ध नेमके काय करायचे ते ठरवण्याची. जगाला कोणीतरी कर्ता आहे एवढेच दाखवायचे, की तो एकच आहे, सर्वज्ञ आहे, नित्य आहे, न्यायी आहे हेही? पहिले विधान तुलनेने लहान आहे. दुसऱ्यात चार विधाने एकत्र बांधलेली आहेत आणि प्रत्येकाला वेगळा आधार लागतो. या वादाचा इतिहास पाहिला तर युक्तिवाद बहुतेक वेळा मोडतो तो पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना. आणि मोडणारे सगळे नास्तिक होते असेही नाही.

भारतीय परंपरेत हे काम अंगावर घेतले नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी. गंमत म्हणजे मूळ न्यायसूत्रांत ईश्वरावर जेमतेम तीन सूत्रांचे प्रकरण आहे (४.१.१९ ते २१), आणि तेही कर्मफळाविषयी: माणसाचे प्रयत्न नेहमी फळतातच असे नाही, तेव्हा फळ देणारा दुसरा कोणी असावा का? ही सूत्रे सिद्धान्त मांडतात की त्यांत पूर्वपक्षही (खोडण्यासाठी मांडलेले विरोधी मत) आहे, यावरही एकमत नाही. ईश्वराला जगाचा कर्ता म्हणून अनुमानाने सिद्ध करण्याचा खटाटोप नंतरचा. नैयायिक उद्योतकराचे म्हणणे असे की परमाणू आणि अदृष्ट (साठलेले कर्म) दोन्ही अचेतन आहेत. सुताराने हातात घेतल्याशिवाय वाकस चालत नाही, तसे त्यांनाही चालवणारा चेतन हवा.

पुढे हे अनुमान ठरीव साच्यात बसले: ‘पृथ्वी, अंकुर इत्यादी सकर्तृक आहेत, कारण ती कार्ये आहेत, जसा घट.’ यात पृथ्वी-अंकुर हा पक्ष (ज्याविषयी सिद्ध करायचे ते), सकर्तृकत्व म्हणजे कर्ता असणे हे साध्य, कार्यत्व म्हणजे उत्पन्न झालेले असणे हा हेतू (कारण म्हणून दिलेली खूण) आणि घट हा दृष्टान्त. हेतू टिकायचा तर तो पक्षात असला पाहिजे, जिथे साध्य नक्की आहे अशा सपक्षात सापडला पाहिजे, जिथे साध्य नक्की नाही अशा विपक्षात सापडता कामा नये; शिवाय दुसऱ्या प्रमाणाने त्याचा निष्कर्ष खोटा ठरू नये आणि तितक्याच ताकदीचा उलटा हेतू समोर उभा राहू नये. यातली एक अट चुकली की हेतूचा हेत्वाभास, म्हणजे फसवा हेतू, होतो.

पहिलीच अट अवघड होती. पृथ्वी हे ‘कार्य’ आहे, म्हणजे ती कधीतरी उत्पन्न झाली, हे कशावरून? वेदांच्या कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांना हे मान्यच नव्हते; त्यांच्या मते जग असे नव्हते असा काळच कधी नव्हता. नैयायिकांचे उत्तर: पृथ्वी सावयव आहे, भागांची बनलेली आहे, आणि भागांची बनलेली वस्तू उत्पन्न झालेलीच असते. म्हणजे एक अनुमान टिकवायला दुसरे अनुमान आले.

खरा घाव घातला बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीने, प्रमाणवार्तिकात. त्याचा आक्षेप आजही ताजा वाटतो. घटाची रचना पाहून आपण कुंभार ओळखतो, कारण तशी रचना कुंभार असला की होते आणि नसला की होत नाही हे आपण पाहिलेले असते. डोंगराच्या बाबतीत असे काही पाहिलेले नाही. ‘रचना’ हा शब्द दोन्हीकडे सारखा वापरला म्हणून वस्तू सारख्या होत नाहीत. शब्दसाम्यावर अनुमान चालले असते तर धूर पांढुरका असतो म्हणून कोणत्याही पांढुरक्या वस्तूवरून अग्नी सिद्ध झाला असता. आणि कुंभार मातीला आकार देतो म्हणून मातीचेच असलेले वारूळही कुंभाराने केले असे ठरले असते. दुसरा घाव नित्यत्वावर: जो कधीच बदलत नाही तो आज कारण आणि काल अकारण कसा? निर्मितीआधी आणि निर्मितीच्या क्षणी त्याचा स्वभाव एकच असेल, तर निर्मिती त्याच क्षणी का व्हावी?

मीमांसक कुमारिलभट्टांनी वेगळी बाजू धरली. ते वेद मानणारे, पण निर्माता ईश्वर न मानणारे. प्रयोजनाशिवाय मूर्खसुद्धा कामाला लागत नाही, मग ईश्वराचे प्रयोजन काय? करुणा म्हणावी तर सृष्टीपूर्वी करुणा करावी असे कोणी नव्हते. खेळ म्हणावा तर ज्याला कशाची उणीव नाही त्याला खेळ कशाला?

या सगळ्याला सर्वांत चिवट उत्तर नैयायिक उदयनाचार्यांचे. त्यांच्या लक्षणावलीतला उल्लेख शके ९०६, म्हणजे इ. स. ९८४ हा काळ देतो. न्यायकुसुमांजलीच्या पाचव्या स्तबकात (प्रकरणात) त्यांनी एका श्लोकात हेतूंची यादीच दिली: कार्य, आयोजन (परमाणूंना जुळवणारी पहिली हालचाल), धृती (जग पडू न देता धरून ठेवणे), शब्द आणि अर्थ यांचा व्यवहार, वेदाचे प्रामाण्य, आणि शेवटी ‘संख्याविशेष’. हा शेवटचा हेतू थोडा तपशिलात पाहण्यासारखा आहे, कारण त्याच्याइतका विलक्षण युक्तिवाद या विषयावर क्वचितच सापडतो. न्याय-वैशेषिकांच्या मते दोन परमाणूंचे द्व्यणुक बनते आणि द्व्यणुकाचे परिमाण परमाणूंच्या परिमाणातून येत नाही, तर ‘दोन’ या संख्येतून येते. पण द्वित्व ही संख्या ‘हा एक, हा एक’ अशी मोजणारी बुद्धी असेल तरच उत्पन्न होते. सृष्टीच्या आरंभी मोजायला माणूस नव्हता. मग मोजले कोणी? अर्थात हा हेतू फक्त वैशेषिकांचा परमाणुवाद मानणाऱ्यालाच पटेल. संख्या बुद्धीवर अवलंबून नाही म्हणणाऱ्यापुढे तो उभाच राहत नाही.

‘ईश्वर दिसत नाही, म्हणून नाही’ या आक्षेपाचा उदयनांनी तिसऱ्या स्तबकात समाचार घेतला. न दिसण्यावरून अभाव सिद्ध व्हायचा तर वस्तू दिसण्याजोगी असली पाहिजे. टेबलावर घागर दिसत नाही, म्हणून ती तिथे नाही, हे ठीक. पण जी वस्तू इंद्रियांना दिसण्याजोगीच नाही तिच्या बाबतीत न दिसणे हा कोणताच पुरावा नव्हे. हा मुद्दा पक्का आहे, मात्र तो ईश्वर सिद्ध करत नाही. नास्तिकाचे एक हत्यार तेवढे काढून घेतो.

सर्वांत गाजलेला आक्षेप शरीराचा. घट करणाऱ्याला हात असतात, ईश्वराला नाहीत. तांत्रिक भाषेत ‘शरीरजन्यत्व’ (शरीराने उत्पन्न होणे) हा उपाधी, म्हणजे अनुमानात दडून राहिलेली अट: जिथे कर्ता तिथे शरीर असतेच, पण जिथे कार्य तिथे शरीर असतेच असे नाही, अंकुर बघा. असा उपाधी निघाला की व्याप्ती, म्हणजे ‘जिथे हेतू तिथे साध्य’ हा नियम, ढासळते. नैयायिकांचा बचाव दोन पदरी होता. एक, अंकुराचे उदाहरण इथे चालत नाही. त्याला कर्ता आहे की नाही हाच तर वाद आहे, आणि वादातल्या पक्षातलेच उदाहरण दोष म्हणून देता येत नाही. दोन, कर्त्याच्या व्याख्येत शरीर येतच नाही. उपादानाचे (वस्तू ज्यापासून बनते त्याचे) प्रत्यक्ष ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न हे तीन ज्याच्याजवळ तो कर्ता. ईश्वराजवळ हे तिन्ही नित्य आहेत. विरोधकांनी मग उलटे अनुमान मांडले: ‘अंकुर अकर्तृक आहे, कारण तो शरीराने उत्पन्न झालेला नाही.’ त्यावर उत्तर आले की यातले ‘शरीर’ हे विशेषण व्यर्थ आहे. ‘उत्पन्न न झालेला’ एवढ्यानेच, आकाशासारखे, अकर्तृकत्व सिद्ध होते. चौदाव्या शतकात मिथिलेत गंगेशोपाध्यायांच्या तत्त्वचिंतामणीत ‘ईश्वरानुमान’ हे स्वतंत्र प्रकरणच आहे.

उदयन आणि गंगेश यांच्या मधल्या काळात विक्रमशीलेच्या बौद्ध पंडितांनी, विशेषतः ज्ञानश्रीमित्र आणि रत्नकीर्ती यांनी, हे अनुमान पुन्हा पिंजून काढले. रत्नकीर्तीच्या ‘ईश्वरसाधनदूषणा’चा कल असा: सर्व कार्यांत सामान्य असे कार्यत्व घेतले तर व्याप्ती पटण्याजोगा पुरावा नाही, घट-महाल अशी ठरावीक कार्ये घेतली तर व्याप्ती पटते, पण पृथ्वी त्यांत बसत नाही. आणि व्याप्ती मान्य केली तरी हाती लागतो तो ‘कोणीतरी बुद्धिमान’. एकच, सर्वज्ञ, नित्य हे सारे वरून लावलेले. नैयायिक म्हणत की विशेष गुण पक्षाच्या बळावर येतात (परमाणूंचे ज्ञान असलेला तो सर्वज्ञच) आणि एकत्व लाघवाने, म्हणजे एकाने भागत असता अनेक मानू नयेत या न्यायाने. माझ्या मते हा भाग सगळ्यात कमजोर आहे. लाघव दोन पर्यायांत निवड करायला उपयोगी पडते. ते स्वतः पुरावा देत नाही.

आणि इथे आस्तिकांची साक्ष येते. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात, ‘शास्त्रयोनित्वात्’ या ब्रह्मसूत्रावर, नेमके हेच दाखवले: मोठी बांधकामे अनेक जण मिळून करतात, पृथ्वी-पर्वत एकाच वेळी एकानेच केले याला पुरावा नाही, म्हणून ईश्वर कळतो तो शास्त्रावरून, अनुमानाने नव्हे. याहून सहा शतकांनी डेव्हिड ह्यूमच्या १७७९ मध्ये मरणोत्तर छापलेल्या संवादांत हाच मुद्दा पुन्हा येतो: जहाज अनेक सुतार बांधतात, मग जगाला अनेक देव का नसावेत? योगसूत्रांवरील व्यासभाष्याने तर मर्यादा एका वाक्यात सांगून टाकली होती. पतंजलींचे सूत्र (१.२५) म्हणते की ज्ञानाच्या कमी-जास्त पायऱ्या जिथे संपतात तो सर्वज्ञ; पण भाष्यकार लगेच जोडतो की अनुमान सामान्यापर्यंत नेऊन थकते, विशेष काय ते आगमावरून (शास्त्रावरून) शोधावे. सांख्यसूत्रांतले ‘ईश्वरासिद्धेः’ (ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून; १.९२) वाचताना भाष्यकार विज्ञानभिक्षूनेही बोट ठेवले ते याच फरकावर: सूत्रकाराला नाकारायचेच असते तर त्याने ‘ईश्वराभावात्’ (ईश्वर नाही म्हणून) म्हटले असते.

युरोपात एक निराळी वाट फुटली, व्याख्येवरून अस्तित्वाकडे जाणारी. ख्रिस्ती धर्मपंडित अँसेल्मने १०७७-७८ च्या सुमारास मांडले: ईश्वर म्हणजे ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही ते; ही कल्पना मनात तरी आहेच; फक्त मनात असणाऱ्यापेक्षा प्रत्यक्षातही असणारे थोर; तेव्हा ते केवळ मनात असेल तर त्याहून थोर कल्पिता येईल, आणि व्याख्या मोडेल. गॉनिलो या समकालीन साधूने तोच साचा ‘सर्वोत्कृष्ट बेटा’ला लावून दाखवला. पुढे ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसनेही हा मार्ग नाकारला आणि जगाकडून ईश्वराकडे जाणारे पाच मार्ग दिले. त्यातला प्रत्येक ‘यालाच सगळे ईश्वर म्हणतात’ अशा वाक्यावर येऊन थांबतो. उडी इथेच आहे, आणि ती भरून काढायला त्याला पुढे ग्रंथातले प्रश्नांमागून प्रश्न (त्याची प्रकरणे ‘प्रश्न’ या नावाची आहेत) खर्ची घालावे लागले. जगाला आरंभ होता हे गझालीसारखे मुस्लिम तत्त्वज्ञ तर्काने सिद्ध करू पाहत होते. अक्वायनसच्या मते ते केवळ तर्काने सिद्धच होत नाही, श्रद्धेने मानावे लागते.

लायब्निझला अँसेल्मच्या साच्यात वेगळीच फट दिसली: ‘परिपूर्ण सत्ता’ ही कल्पना मुळात विसंगत नाही हे आधी दाखवायला हवे. ‘सर्वांत मोठी संख्या’ म्हणताना आपण काहीतरी बोलतो, पण तशी संख्या संभवत नाही. कांटने १७८१ मध्ये आणखी खोल घाव घातला. शंभर थालर (जुनी जर्मन नाणी) खरे असोत वा कल्पनेतले, ‘शंभर थालर’ या संकल्पनेत काही भर पडत नाही. म्हणून अस्तित्व हा वस्तूच्या वर्णनातला गुण नव्हे, आणि व्याख्येत घालून ते बाहेर काढता येत नाही.

तरी वाट बंद झाली नाही. तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेलने तर्कशास्त्राच्या चिन्हांत एक सिद्धता लिहून १९७० मध्ये ती दाखवली. छापून आली ती त्याच्या मृत्यूनंतर, १९८७ मध्ये. तिच्यात ईश्वर म्हणजे ‘सर्व सकारात्मक गुण असलेला’, आणि सकारात्मक म्हणजे काय ते सांगितले आहे ते फक्त गृहीतकांतून: गुण किंवा त्याचा अभाव यांपैकी एकच सकारात्मक, सकारात्मकातून निघणारे सकारात्मक, आवश्यक अस्तित्व सकारात्मक. तत्त्वज्ञ जॉर्डन सोबेलने दाखवले की ही गृहीतके मानली तर जे जे खरे आहे ते ते आवश्यकच ठरते, योगायोगाला जागा उरत नाही. पुढे क्रिस्टोफ बेन्झम्युलर आणि ब्रूनो वोल्ट्सेनलोगेल पालेओ यांनी ती संगणकाकडून तपासून घेतली, तेव्हा गोडेलची मूळ गृहीतके आपसातच विसंगत निघाली. कारण बारीक होते: ‘सार’ या शब्दाच्या व्याख्येत ‘तो गुण त्या वस्तूत असला पाहिजे’ ही अट लिहायची राहून गेली होती. तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉटने उतरवलेल्या या सिद्धतेच्या पाठात ती अट आहे, आणि तो पाठ सुसंगत ठरला. सोबेलचा आक्षेप मात्र त्यालाही लागू आहे, आणि गृहीतके खरी आहेत का हे यंत्राला विचारता येत नाही.