ख्रिस्तपुराण कशातून जन्मलं?

बाप्तिस्मा झाला, प्रार्थना पाठ झाल्या, दहा आज्ञा म्हणता येऊ लागल्या. तरी विश्वासात नवा आलेला माणूस मनातून अजून भुकेलाच असतो. मराठीत ही भूक पहिल्यांदा ठळकपणे बोलून दाखवली गेली ती चारशे वर्षांपूर्वी, गोव्यातल्या सासष्टीत. त्यातूनच ख्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगणारा ग्रंथ, जन्मलं.

तो काळ जखमांचा होता. १५६७ च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेने सासष्टीतली देवळं पाडली, पुराणांच्या पोथ्यांवर बंदी आणली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक संघाचे धर्मप्रसारक) मारले आणि सत्तेने त्याचा क्रूर सूड घेतला. ख्रिस्ती झालेल्यांत मनापासून आलेले होते, तसे दडपणाखाली आलेलेही होते. हे झाकून तारणाची गोष्ट सांगू नये, असं मला वाटतं.

याच सासष्टीत फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट राहिला. १५७९ मध्ये तो गोव्यात आला आणि आयुष्यभर इथलाच झाला. त्याच्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच एक प्रसंग येतो. चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग चालू आहे. एक ब्राह्मण नवख्रिस्ती पाद्रीगुरूंना विनवतो : शिकवता ते चांगलंच आहे, पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी ऐकायला दुसरं पुराण का देत नाही?

किती रास्त मागणी! जन्मभर ओवी ऐकत वाढलेल्या माणसाला नुसत्या प्रश्नोत्तरांवर कसं जगता येणार? स्टीफन्सने ती मागणी मनावर घेतली. १६१६ मध्ये सासष्टीतल्याच रायतूरला हा ग्रंथ छापला गेला. छपाईचे देवनागरी खिळे नव्हते, म्हणून रोमन लिपीत. दहा हजारांहून अधिक ओव्या, दोन भाग. पहिल्यात जगाची उत्पत्ती, आदामाचं पतन आणि तारणाऱ्याची दीर्घ वाट पाहणं. दुसऱ्यात येशूचा जन्म, क्रूस, पुनरुत्थान. कथेत श्रोते मधेच शंका काढतात आणि गुरू त्यांना दटावत नाही, उत्तर देतो. नवख्या विश्वासणाऱ्याला धीर देण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

१६१९ मध्ये स्टीफन्स वारला. १६८४ मध्ये स्थानिक भाषा सोडून द्या, असं पोर्तुगीज सत्तेचं फर्मान निघालं. पण हाताने उतरवलेल्या प्रती घराघरांत टिकल्या, मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीही हे पुराण जपलं. तिथेच १९०७ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं.

इकडे अहमदनगरच्या बाजूला रेव्हरंड नारायण वामन टिळकांना तीच निकड जाणवली. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि भजन, अभंग, कीर्तन ही आपली वाणी ख्रिस्ताच्या सेवेत आणली. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या चरित्रावरचं काव्य अपुरं होतं. पतीच्या धर्मांतराने कोसळलेल्या आणि काही वर्षांनी स्वतःच्या पावलांनी त्याच विश्वासात आलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं.