दारू सोडवताना: ओपीडी पुरेल की दाखल करावं लागेल?

सोलापुरात कुणाची दारू सोडवायची ठरली की घरचे विचारतात, "कुठल्या केंद्रात टाकू?" त्याआधी एक गोष्ट पाहायला हवी: आज दारू बंद झाली तर पुढच्या चार दिवसांत शरीरात काय होईल? उपचार कुठे आणि किती कडक, हे त्यावरून ठरतं. माणसाची किती बदनामी झाली आहे, यावरून नाही.

रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीतही काम चालू राहावं म्हणून उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू अचानक थांबली की ती उत्तेजना आवरत नाही. ६ ते १२ तासांत हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. फिटचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत असतो. नसलेली माणसं दिसणं, असंबद्ध बडबड, ताप हे बहुधा ४८ ते ९६ तासांत सुरू होतं आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून पहिला दिवस बरा गेला, तरी गाफील राहू नये.

पूर्वी दारू सोडल्यावर फिट आली असेल किंवा भास झाले असतील, तर दाखलच करावं. कावीळ, रक्ताची उलटी, आत्महत्येचे विचार असतील तरीही. हातभट्टीत अल्कोहोल किती, हे पिणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यामुळे 'किती ग्लास' यापेक्षा सकाळी घोट घेतल्याशिवाय हात स्थिर राहतो का, हे डॉक्टरांना सांगा. "फक्त ताडी घेतो" म्हणणाऱ्याबाबतही निर्धास्त राहू नका. ताडीत क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची रसायनं मिसळल्याचे प्रकार महाराष्ट्रात उघड झाले आहेत, आणि तीही अचानक थांबली की झटके येऊ शकतात.

त्रास सौम्य असेल, घरी चोवीस तास न पिणारं कुणी असेल आणि सुरुवातीला रोज तपासणीला येता येत असेल, तर ओपीडी पुरते. अंतरही धरा. सोलापुरातल्या अशोक चौकातून सिव्हिल हॉस्पिटल जवळ आहे. करमाळ्याच्या टोकाच्या गावाहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या पुढे. थरथर तेवढीच असली तरी करमाळ्याकडच्या माणसाला जवळच्या रुग्णालयात दाखल करणंच शहाणपणाचं.

अशक्तपणा दिसला की गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावून घेतलं जातं. आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, द्यायला हवं. पिणाऱ्यांत ते बहुधा कमी असतं. नुसत्या ग्लुकोजने उरलंसुरलंही संपतं. मग डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते.

दाखल होऊन पाच-सात दिवसांत थरथर गेली म्हणजे उपचार संपले नाहीत, उपचाराची पातळी खाली आली. आता ओपीडी, समुपदेशन, ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेट. पुन्हा प्यायला लागला, तर पातळी वर न्यायची. हाकलून द्यायचं नाही.

आणि दारू सोडवण्यासाठी जेवणात गुपचूप डायसल्फिरामची गोळी कालवू नका. त्या गोळीवर दारू पडली तर रक्तदाब कोसळू शकतो, आणि गोळी बंद केल्यावरही सुमारे १४ दिवस हा धोका राहतो. ज्याला माहीतच नाही, तो पिणारच. सल्ल्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. फिट आली असेल तर मात्र थेट १०८.