आरए फॅक्टर वाढला म्हणजे हाडं झिजली?

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी घरांतही सांधेदुखीसाठी काढलेला रक्ताचा रिपोर्ट आला की आधी आरए फॅक्टरचा, म्हणजे रक्तातल्या एका प्रतिपिंडाचा (अँटीबॉडीचा), आकडा बघतात: जास्त म्हणजे हाडं गेली, निगेटिव्ह म्हणजे सुटलो. दोन्ही चूक. हा फॅक्टर हेपॅटायटिस सी मध्ये, उतारवयात, अगदी धडधाकट माणसातही सापडतो. आणि तो निगेटिव्ह असूनही रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात, हाड कुरतडू शकतो.

जास्त नेमकी चाचणी अँटी-सीसीपी, म्हणजे याच आजारातल्या दुसऱ्या प्रतिपिंडांची. ही प्रतिपिंडं दुखणं सुरू होण्याच्या काही वर्षं आधीही रक्तात असू शकतात. 2012 मधल्या एका संशोधनात अशी प्रतिपिंडं हाड विरघळवणाऱ्या पेशींना, म्हणजे ऑस्टिओक्लास्टना, थेट चेतवताना दिसली. म्हणून आकडा प्रयोगशाळेच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर झिजेचा धोका अधिक. पण आजवर किती झीज झाली, ते त्यात दिसत नाही. त्यासाठी हातांचा आणि पावलांचा एक्स-रे लागतो. पावलं बहुतेकांकडून राहतात, आणि हाडातला पहिला खड्डा अनेकदा पायाच्या करंगळीच्या मुळाशीच असतो.

दर महिन्याला आरए फॅक्टर काढणं म्हणजे पैसे वाया. औषध लागू पडतंय का, ते सुजलेले सांधे, ईएसआर आणि सीआरपी या दाह मोजणाऱ्या रक्तचाचण्यांवरून कळतं. आकडा उतरला म्हणून मेथोट्रेक्सेट हे या आजाराचं औषध स्वतःहून थांबवू नका. ती गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी घटून जिवावर बेतू शकतं.