यंत्र चांगलं, पण नमुन्यात जंतू हवेत ना!

‘जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह आली, म्हणजे टीबी नाही.’ जीनएक्स्पर्ट म्हणजे नमुन्यात टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी यंत्रावरची चाचणी. तिच्याबद्दलचं हे म्हणणं थुंकीच्या बाबतीत बऱ्याच अंशी चालून जातं. छातीत झालेल्या पाण्याच्या बाबतीत मात्र सपशेल फसतं. फुप्फुसाच्या आवरणाशी पोचलेल्या मोजक्या जंतूंवर आपली प्रतिकारशक्ती तुटून पडते आणि त्यातून हे पाणी साचतं. पाणी लिटरभर असलं तरी त्यात जंतू जेमतेम. असतात तेही बहुतेक आवरणाच्या पेशीजालात दडलेले. म्हणूनच कल्चरशी, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघण्याच्या चाचणीशी, ताडून पाहता छातीतल्या पाण्यात या चाचणीने १०० पैकी निम्मेच रुग्ण ओळखले. मेंदूभोवतीच्या पाण्यात साधारण ७०, मानेच्या गाठीत सुई घालून काढलेल्या नमुन्यात जवळपास ९०. यंत्र तेच, नमुना वेगळा. शिवाय कल्चरलाही छातीतल्या पाण्यातले बरेच रुग्ण सापडत नाहीत, ते वेगळंच.

२०१७ मध्ये आलेल्या ‘अल्ट्रा’ आवृत्तीतली युक्ती मला फार आवडते. जुनी चाचणी जंतूच्या आरपीओबी जनुकाचा ८१ अक्षर-जोड्यांचा तुकडा शोधायची. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का, तेही याच तुकड्यावरून कळतं. हा तुकडा जंतूच्या डीएनएत एकदाच असतो. त्याउलट आयएस६११० हा उडाणटप्पू तुकडा डीएनएत इथून तिथे उड्या मारत स्वतःच्या प्रती वाढवतो. एकाच जंतूत त्याच्या दहा-पंधरा प्रतीही सापडतात. काही वाणांत तो मुळीच नसतो, म्हणून जोडीला आयएस१०८१ हा तसाच दुसरा तुकडा घेतला. एका जंतूमागे लक्ष्यं अनेक झाली, नमुन्यासाठीचा कप्पाही दुप्पट केला. आधी मिलिलिटरमागे शंभराहून जास्त जंतू लागत, आता सोळाच्या आसपास पुरतात. मेंदूभोवतीच्या पाण्यात अल्ट्रा १०० पैकी जवळपास ९० रुग्ण ओळखते, छातीच्या पाण्यात ७५.

याची किंमतही आहे. पूर्वी टीबी होऊन गेलेल्याच्या शरीरात उरलेला मेलेल्या जंतूंचा डीएनएसुद्धा अल्ट्रा टिपू शकते. कधी अहवालावर ‘ट्रेस’ येतं: आयएस तुकडे सापडले, पण आरपीओबी पुरेसा नाही. अशा वेळी रिफाम्पिसिन लागू पडेल का, हे यंत्राला सांगता येत नाही. तरी फुप्फुसाबाहेरच्या नमुन्यात ‘ट्रेस’ आलं तर ते पॉझिटिव्हच धरावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

रक्तातल्या अँटिबॉडी बघून टीबी ‘पकडणाऱ्या’ चाचण्यांचाही एके काळी मोठा गाजावाजा होता. त्या वापरू नका, असं याच संघटनेने २०११ मध्ये बजावलं. अल्ट्राची त्यांच्याशी तुलना करणं अन्यायाचं होईल. पण टीबीच्या मेंदूज्वराचा दाट संशय असेल, तर अल्ट्रा निगेटिव्ह आली तरी डॉक्टर औषधं थांबवत नाहीत. उपचाराला उशीर झाला तर रुग्ण दगावू शकतो.