प्लँट्स व्हर्सेस झोंबीज

घरासमोरच्या हिरवळीवर चालून येणाऱ्या झोंबींना झाडे लावून थोपवण्याचा विनोदी व्हिडिओ गेम. अमेरिकेतील सिएटल येथील पॉपकॅप गेम्स या कंपनीने तो ५ मे २००९ रोजी विंडोज आणि मॅक संगणकांसाठी बाजारात आणला. मूळ कल्पना व आराखडा जॉर्ज फॅन यांचा, चित्रे रिच वर्नर यांची, प्रोग्रॅमिंग टॉड सेंपल यांचे आणि संगीत लॉरा शिगिहारा यांचे. २०१० मध्ये तो आयफोनवर आला आणि पुढे अँड्रॉइड फोन व निरनिराळ्या गेमिंग यंत्रांवर पोहोचला. कबरीतून उठलेले, माणसाच्या मेंदूला चटावलेले मुडदे हा खरे तर भयपटांचा माल. या गेमने त्यातली किळस आणि दहशत काढून टाकली, पण धाकधूक मात्र शाबूत ठेवली. इथला जवळजवळ प्रत्येक विनोद हा खेळाचा एखादा नियमही असतो, आणि लोकांना या गेमने एवढी भुरळ का घातली याचे उत्तर बरेचसे त्यातच आहे.

हा गेम ‘टॉवर डिफेन्स’ या प्रकारात मोडतो. शत्रू ठरावीक वाटेने येतात आणि खेळणाऱ्याने त्या वाटेवर मारा करणारे बुरूज उभारायचे, अशी या प्रकाराची ढोबळ रचना. ‘वॉरक्राफ्ट ३’ या गेमसाठी हौशी खेळाडूंनी बनवलेल्या अशा नकाशांचा फॅन यांच्यावर प्रभाव होता. त्याआधी त्यांनी ‘इन्सॅनिक्वेरियम’ हा मत्स्यपेटीचा गेम केला होता. त्यात मासे पाळायचे आणि मधूनच हल्ला करणाऱ्या परग्रहवासीयांना हुसकावायचे. नव्या गेममध्येही सुरुवातीला बागेवर चालून येणारे शत्रू परग्रहवासीच असणार होते. झोंबी नंतर आले. हा बदल फारच पथ्यावर पडला. बुरुजाला जागचे हलता येत नाही हे सांगावे लागते, झाडाच्या बाबतीत ते लहान मुलालाही ठाऊक असते. शत्रू इतका सावकाश का चालतो, हा प्रश्नही झोंबीच्या बाबतीत कुणाला पडत नाही. गेमचे आधीचे नाव ‘लॉन ऑफ द डेड’ होते. ‘डॉन ऑफ द डेड’ या गाजलेल्या झोंबीपटाच्या नावावरची ती कोटी कायदेशीर अडचणीमुळे सोडावी लागली.

पडद्यावर डावीकडे घर, उजवीकडे रस्ता आणि मध्ये पाच ओळींची हिरवळ दिसते. प्रत्येक ओळीत नऊ चौकोन असतात आणि एका चौकोनात एक झाड मावते. झाड लावायला ऊन खर्च करावे लागते. दिवसा ते आकाशातून टपकते, शिवाय सूर्यफुले ते तयार करतात. सूर्यफुलाची किंमत ५०, वाटाणे थुंकणाऱ्या पीशूटरची १००, नुसते आडवे उभे राहून मार खाणाऱ्या अक्रोडाची ५०, तर आजूबाजूचे सगळे उडवून देणाऱ्या चेरी बॉम्बची १५०. ऊन पुरवून वापरायचे की लगेच उधळायचे, ही ओढाताण सतत चालू राहते. प्रत्येक ओळीच्या टोकाशी गवत कापण्याचे एक यंत्र उभे असते. एखादा झोंबी घरापर्यंत पोहोचलाच तर ते आपोआप सुरू होऊन ती अख्खी ओळ साफ करते, पण एकदाच. या एका सोयीमुळे चूक झाली तरी डाव तिथेच संपत नाही आणि खेळणाऱ्याची पुरती तंतरलेली असतानाही तो हसू शकतो.

प्रत्येक फेरीआधी दृश्य रस्त्याकडे सरकते आणि ताटकळत उभी असलेली झोंबींची पलटण दिसते. ही पाहणी म्हणजे खेळाचा अर्धा भाग, कारण समोर कोण आहे ते पाहून कुठली रोपे बरोबर घ्यायची हे ठरवायचे असते आणि सुरुवातीला सहाच प्रकार नेता येतात. साधा झोंबी दहा वाटाण्यांत संपतो. पाच बसले की हात गळतो, दहाव्याला डोके. डोक्यावर रस्त्यावरचा केशरी कोन घातलेल्याला अठ्ठावीस वाटाणे लागतात आणि बादली घातलेल्याला पासष्ट. एरवी अशा ठिकाणी गेममध्ये शत्रूच्या डोक्यावर ताकदीची पट्टी दाखवतात. इथे बादली हीच पट्टी. ती चेपत जाते, शेवटी पडते आणि आतला मुकाट चालणारा गडी उघडा पडतो. त्याने बादली घातली ती थोडी आपण वेगळे दिसावे म्हणून. मग ती डोक्यावर आहे हे तो विसरूनच गेला, असा खुलासा गेममधल्या सचित्र सूचीत मिळतो. लोखंड ओढून घेणारी चुंबकी अळंबी ती बादली अलगद काढून घेते, हेही कुणी शिकवावे लागत नाही.

हीच युक्ती पुढे निरनिराळ्या वेषांत येते. बांबू घेऊन धावत येणारा पहिल्या झाडावरून उडी मारतो, म्हणून त्याच्यापुढे एखादे फालतू रोप ठेवून उडी वाया घालवायची किंवा थेट उंच अक्रोड लावायचा. वर्तमानपत्रात तोंड खुपसून रमतगमत येणारे आजोबा तर फारच झकास. वाटाण्यांनी पेपर फाटला की ते क्षणभर थबकतात, चेहरा लाल होतो आणि मग तरातरा चालू लागतात. सकाळचा पेपर कुणी हातातून ओढून घेतल्यावर काय होते हे घरोघरी माहीत असल्यामुळे या झोंबीचा वेग का वाढला हे सांगायला एक अक्षरही लिहावे लागलेले नाही. जाळीचा दरवाजा ढालीसारखा धरून येणारा वाटाण्यांना दाद देत नाही, पण अळंबीचा धूर जाळीतून आरपार जातो. फुग्याला लटकून येणाऱ्यासाठी निवडुंग आहे, जमिनीखालून खणत जाऊन मागून हल्ला करणाऱ्यासाठी दोन्ही बाजूंना थुंकणारा वाटाणा. बर्फ पसरवत येणाऱ्या वाहनाची थट्टा मात्र आपल्याकडच्या बहुतेकांच्या डोक्यावरून जाते. स्केटिंगच्या मैदानातला बर्फ गुळगुळीत करणाऱ्या यंत्राचे ते विडंबन आहे आणि ते यंत्र इथे पाहिलेले असते कुणी? तरी त्याची चाके काट्यांनी पंक्चर होतात एवढे कळले की काम भागते.

मुख्य मोहिमेत पन्नास फेऱ्या आहेत आणि दर दहा फेऱ्यांनी रणभूमी बदलते: दिवस, रात्र, मागच्या अंगणातला पोहण्याचा तलाव, धुके आणि शेवटी छप्पर. रात्री ऊन पडत नाही म्हणून स्वस्त अळंबीवर भिस्त, पाण्यात झाड लावायचे तर आधी कमळाचे पान, छपरावर आधी कुंडी. उतरत्या छपरावर सरळ नेम चालत नाही, त्यामुळे तिथे कोबी आणि कलिंगडे वरून भिरकावली जातात.

हे सगळे शिकवण्याची पद्धत गेम बनवणाऱ्यांच्या जगात चर्चेचा विषय ठरली. आपल्या आईलाही हा गेम शेवटपर्यंत खेळता यावा म्हणून काय काय केले, यावर फॅन यांनी २०१२ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये व्याख्यान दिले. पहिल्या फेरीत हिरवळीची एकच ओळ असते आणि हातात एकच झाड; बाकी उघडी माती. मग तीन ओळी, मग पाच. पडद्यावर एका वेळी शक्यतो आठच शब्द असावेत, हा त्यांचा दंडक. नवशिके आधी सूर्यफुले न लावता थेट मारा करणारी झाडे लावून अडचणीत येतात असे दिसल्यावर त्यांनी सूर्यफुलाचा भाव शंभरावरून पन्नासवर आणला. सूचना लिहिण्याऐवजी भाव बदलला, एवढ्या एका निर्णयातून त्यांची सगळी विचारसरणी दिसते.

सूचना द्यायची वेळ आलीच तर क्रेझी डेव्ह हजर होतो. डोक्यावर पातेले घातलेला, तोंडाने नुसते असंबद्ध बडबडणारा हा शेजारी गाडीच्या डिकीतून रोपे आणि अवजारे विकतो. झोंबीही अधूनमधून हल्ल्याची आगाऊ चिठ्ठी पाठवतात. तिच्यात शुद्धलेखनाच्या चुका असतात आणि खालची सही अगदी सभ्य. शिगिहारा यांचे संगीत या कारभाराला साजेसे आहे. झोंबींची गर्दी वाढली की चालू सुरावटीतच ढोल मिसळतो, त्यामुळे मान वर न करताही धोका कळतो. मोहीम संपल्यावर सूर्यफूल झोंबींना उद्देशून गाणे गाते; तो आवाजही शिगिहारा यांचाच. जोडीला छोटे खेळ आहेत: अक्रोडांचे बोलिंग, झोंबींच्या बाजूने खेळायची कोडी, आणि फॅन यांनी आपल्याच मत्स्यपेटीच्या गेमची उडवलेली टर.

एक विनोद मात्र अंगाशी आला. साथीदारांना जमिनीतून वर बोलावणारा नाचरा झोंबी मायकेल जॅक्सन यांच्यावर बेतलेला होता. गेम आला मे महिन्यात, जॅक्सन जूनमध्ये गेले. नंतर त्यांचा वारसा सांभाळणाऱ्यांनी हरकत घेतली आणि २०१० मध्ये त्याच्या जागी कुरळ्या केसांचा डिस्को नाचणारा आला. साथीदार बोलावण्याचा नियम तसाच राहिला.

जुलै २०११ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या गेम कंपनीने पॉपकॅप विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी नोकरकपातीत फॅन बाहेर पडले. २०१३ चा दुसरा भाग फोनवर फुकट मिळतो, पण काही झाडांना खरे पैसे मोजावे लागतात. इजिप्त, समुद्री चाचे अशा काळांतून फिरवणारा तो गेम चित्रांच्या बाबतीत पहिल्यापेक्षा संपन्न आहे. तरी ‘आता पैसे टाका’ असे सुचवणारी खिडकी उघडली की ऊन पुरवून वापरण्याच्या कसरतीतली मजा पातळ होते. २०१४ च्या ‘गार्डन वॉरफेअर’मध्ये झाडे पायांवर धावत गोळीबार करतात. गेम म्हणून तो वाईट नाही, पण हलू न शकणारे आणि घाई न करणारे यांच्यातली झुंज त्यात उरलेली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनी पुन्हा मूळ गेमकडेच वळली आणि सुधारलेल्या चित्रांसह ‘रीप्लँटेड’ या नावाने तो बाजारात आला.